विसावं नाव

आमच्या शाळेत गणपतीला गावी गेलेल्या मुलाचं नाव कापत नाहीत. असा सरकारी नियम नाही आणि कुठे लिहिलेलंही नाही, पण मी याच शाळेत पहिलीला होते तेव्हापासून हे चालत आलंय. डिलाईल रोडवरच्या चाळींतली निम्मी पोरं कोकणातली. गणपती आले की आईबापांबरोबर निघतात आणि विसर्जनानंतर कुणी आठवड्याने, कुणी पंधरा दिवसांनी, डासांनी फोडलेले पाय आणि बाईंसाठी पुडीत बांधलेलं खाजं घेऊन परततात. तोवर कॅटलॉगात त्यांची हजेरी लागत राहते. चूक आहे हे मला कळतं. पण गावी गेलेलं मूल गैरहजर असतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी मेघना चिंदरकर. महापालिकेच्या या मराठी शाळेत सहावी ते आठवी मी शिकवते, आणि कायमचा मुख्याध्यापक मिळेपर्यंत मुख्याध्यापिकाही मीच. हे ‘मिळेपर्यंत’ चार वर्षं चाललंय.

यंदा गणपती ऑगस्टातच येऊन गेले. दहा सप्टेंबरपर्यंत सगळी पोरं परतली, एक सोडून. मनवा हितेंद्र घाडीगावकर, सातवी, पहिला बाक, खिडकीकडची जागा. पंचवीस तारीख उजाडली तरी मी तिच्या नावापुढे हजर लिहीत होते.

त्यालाही कारण होतं. तीस सप्टेंबरला पट मोजला जातो. वरच्या तीन वर्गांत मिळून वीस मुलं नसली, तर त्या वर्गांना शिक्षक मिळत नाही. मग मुलं पुलापलीकडच्या शाळेत पाठवायची आणि इथल्या दाराला कुलूप लावायचं. पुस्तकं, गणवेश, खिचडी, केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा, सगळं या पटावरून येतं. आणि माझ्याकडे मनवा धरून वीस होती. उरलेल्या एकोणिसांतलं कोण पूल ओलांडून जाईल आणि कोण घरीच बसेल, हे मला तोंडपाठ होतं. सहावीतल्या दोघी तर धाकट्या भावंडांना खालच्या बालवाडीत सोडायचं म्हणूनच शाळेत येतात.

आमचा शिपाई भिवा रोज सकाळी पाण्याची कळशी ठेवता ठेवता विचारायचा, “बाई, वीस?”

“वीस,” मी म्हणायचे. मग तो खाली जायचा आणि मी कॅटलॉग उघडायचे.

पंचवीसला खिचडीच्या सुट्टीत फोन आला.

“चिंदरकर मॅडम का? मी सम्यक तांबे. कणकवली तालुक्यातनं बोलतोय, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं.” आवाज तरुण आणि घाईतला. “मनवा घाडीगावकर तुमच्याकडची ना? अकरा तारखेपासून ती माझ्या वर्गात बसतेय.”

“बसतेय म्हणजे?”

“म्हणजे तिच्या वडिलांनी तिला इथे घातलीय. ते आता इथेच राहणार. मॅडम, दाखला मागाहून पाठवलात तरी चालेल, पण पोर्टलवरून तिचं नाव सोडा. तुम्ही सोडल्याशिवाय मला घेता येत नाही.”

मुलांची नोंद असते त्या सरकारी पोर्टलचं हे खरंच आहे. एका मुलाचा एक नंबर, आणि एका वेळी एकच शाळा. जुनी शाळा सोडेल तेव्हा नवी घेईल. मी म्हटलं, “सोडते हो. एवढी घाई काय आहे?”

“आहे मॅडम. तीन तारखेला तालुक्याला शिबिर आहे, केंद्राच्या योजनेतलं. कान तपासून यंत्रासाठी माप घेणार. यादी तीसला संध्याकाळी बंद होतेय आणि यादीत फक्त आमच्या पटावरची मुलं. पुढचं शिबिर कधी, ते कुणी सांगत नाही.”

“कानाचं यंत्र? मनवाला?”

“तिला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नाही, मॅडम. उजव्याने थोडंफार. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“आवाज कट होतोय,” मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

माहीत होतं आणि नव्हतंही. गेल्या वर्षी मनवा पाचवीतून माझ्याकडे आली तेव्हा तिचा कान फुटायचा, कापसाचा बोळा घालून यायची. मी तिला पहिल्या बाकावर घेतलं. वाचन बघून पोर हुशार आहे हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पोर्टलवर प्रत्येक मुलापुढे एक प्रश्न असतो, विद्यार्थी दिव्यांग आहे का? ‘हो’ केलं की पुढे आणखी फॉर्म, परळच्या हॉस्पिटलातून दाखला, घरच्यांच्या फेऱ्या. मी मनवाला जवळ बोलावलं आणि विचारलं, “तुला नीट ऐकू येतं ना?” ती म्हणाली, “हो.” मी समोर ‘नाही’ लिहिलं. तिची आजी शाळेत आली होती, तिलाही मीच म्हटलं, चांगल्या पोरीला कशाला शिक्का लावायचा. यंदा पुन्हा तोच प्रश्न आला आणि मी न विचारताच ‘नाही’ केलं.

शुक्रवारी मी नवव्यांदा पोर्टल उघडलं आणि नवव्यांदा बंद केलं. माझ्या टेबलापासून जिन्यापर्यंत बावीस पावलं आहेत; मी ती इतक्या वेळा चालले की आठवीची पोरं वर्गातून वाकून बघायला लागली. सम्यक तांबेचा फोन दोनदा वाजून थांबला. मग मेसेज आला, “मॅडम, चार दिवस राहिले.” इतका राग आला! पोरगं ऐकत नाही, गणितं चुकतात, गणवेश नाही, हे सगळं वर्षानुवर्षं मी बघायचं, आणि हा पंधरा दिवसांचा मास्तर मला दिवस मोजून दाखवणार.

वॉर्डात आमच्या शाळा बघणारे अधिकारी आहेत, उन्मेष प्रधान. त्यांना फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, “सर, एकोणीस झाले तर?”

“तर झाले, मॅडम. वर्ग पुलापलीकडे. नियम मी केलेला नाही.” मग जरा हळू आवाजात, “तुमचे वीस आहेत ना?”

“आहेत,” मी म्हटलं.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी मनवाच्या आजीकडे गेले. खोटं कशाला बोलू, पोरगी परत आणायचीच म्हणून गेले. मूल खरोखर वर्गात बसलं असतं तर कुणी काय म्हणणार होतं?

शेवंतीआजी तिसऱ्या मजल्यावर, दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसली होती. चाळ पाडून टॉवर होणार आहे. अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्यात. खाली मंडळाच्या देवीचा लाउडस्पीकर इतका मोठा की दोन दारांपलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

“येवा, बाई. बसा,” ती म्हणाली. “माका उठूक गावणा नाय. बिल्डरची माणसा मोजूक येतली. दाराक कुलूप दिसला की खोली गेली.”

हितेंद्रचं, मनवाच्या वडिलांचं, काय झालं ते तिनेच सांगितलं. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये तो सिक्युरिटीला होता, कंत्राट बदललं आणि त्याला काढलं. गणपतीला सगळी गेली ती तिथेच राहिली. भावाबरोबर तो आता गाडी चालवतो. म्हातारी एकटी इथे खोली राखत बसलीय. मला वाटलं, आम्ही दोघी एकच काम करतोय. हिने खोली धरून ठेवलीय, मी नाव.

“आजी, मनवाला तुमच्याकडे ठेवा ना,” मी म्हटलं. “तुम्हालाही सोबत. शाळा इथली सोडू नये तिने.”

म्हातारीचे डोळे एकदम चमकले. घरात पोर दिसली तर मोजणारेही गप्प बसतील, हे तिच्याही डोक्यात आलं असणार. मग तिचा चेहरा उतरला. “पण कानाचा? तो मास्तर यंत्र देतलो म्हणता. हंय तुमीच सांगल्यात मा, आमच्या मनवा चेडवाच्या नावावर कायएक लिवू नको म्हणान.”

ती दोष देत नव्हती. मी सांगितलं आणि तिने ऐकलं, एवढंच तिच्या लेखी घडलं होतं. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

तिने शेजारच्या सुनेकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. मनवा दिसली. केस कापले होते, मागे पडवीत भाताची पोती. मला बघून इतकी हसली की मलाच भरून आलं. मी नेहमीच्या सवयीने उजेडाकडे तोंड केलं आणि सावकाश बोलले, “मनू, बरी आहेस?”

“बरी आहे, बाई. तुम्ही?”

“मजेत. परत येणार ना शाळेत?”

“हो.”

“बघा, येतंय म्हणता,” म्हातारी म्हणाली. मी खूश. म्हटलं, “कधी येतेस? सोमवारी की मंगळवारी?”

“हो, बाई.”

मी हसले. वाटलं, गोंधळली असेल. “नव्या शाळेत तुझ्या शेजारी कोण बसतं?”

“हो,” मनवा म्हणाली. तेच गोड हसू, तीच हललेली मान.

मागून हितेंद्रचा आवाज आला, “बाई, तुमचा व्हिडिओ अडकलाय इथे. तुमचं तोंड दिसलं नाही तर तिला काय कळत नाही.” त्याने फोन हातात घेतला. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. मला फक्त तो ‘हो’ ऐकू येत होता. भागाकार समजला? हो. डबा खाल्लास? हो. कुणी चिडवलं का? हो. सहावीपासून हा ‘हो’ माझ्या वर्गात होता आणि मी त्याला गुणी पोरगी म्हणत होते. फळ्याकडे तोंड करून मी बोलत राहायचे आणि ती माझ्या पाठीला ‘हो’ म्हणायची.

“बाई, तुमच्या शब्दाबाहेर नाही,” हितेंद्र म्हणत होता. “तुम्ही बोललात तर उद्या चारच्या गाडीत बसवतो. आईकडे राहील.”

एवढं सगळं कळून मी काय बोलले असेन? मी म्हटलं, “पाठव.” वर हेही म्हटलं की परळचं हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर आहे, मी स्वतः नेईन तिला. म्हातारीने माझे हात धरले.

घरी गेले आणि मला बसवेना. भात करपला. हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, बरोबर. गेल्या वर्षीही ते तिथेच होतं. तेव्हा मी तिला नेलं नाही, तर एकदा वीस भरल्यावर नेईन कशावरून? सहामाही, मग निवडणुकीचं काम, मग स्नेहसंमेलन. मला मी चांगली ओळखते. रविवारी दुपारी उठले आणि उगाच चालत सुटले, परळच्या पुलापर्यंत गेले, पलीकडची ती दुसरी शाळा बघून आले. चांगली चार मजली, फाटकाला नवा रंग. तिचाही राग आला.

तीन वाजता हितेंद्रला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, लागेना. साडेतीनला मी सम्यक तांबेला पहिल्यांदा स्वतःहून फोन केला.

“सर, मनवाला आज मुंबईच्या गाडीत बसवतायत. बसू देऊ नका.”

“काय? कुणी सांगितलं बसवायला?”

“मी.”

पलीकडून फक्त गाडीला किक मारल्याचा आवाज आला. साडेचारला मेसेज आला, “उतरवली. बॅग घेऊन बसली होती. रडली थोडी.” मी तो मेसेज किती वेळा वाचला कुणास ठाऊक.

तुम्हाला वाटेल, आता बाईंनी सोमवारी जाऊन नाव सोडलं असेल. नाही सोडलं. पोरीला गाडीतून उतरवताना एकटी तीच डोळ्यांपुढे होती. पटावरून उतरवताना समोर एकोणीस जण बसले होते. आणि दुसरी भीती अगदी माझी स्वतःची होती. अकरा तारखेपासून मनवा कणकवलीत हजर होती आणि डिलाईल रोडवरही हजर होती. नाव सोडलं की दोन्ही कॅटलॉग कुणीतरी शेजारी शेजारी ठेवणार. एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एक शेरा नाही. सोमवारी दिवसभर पोर्टल उघडलं, बंद केलं. भिवा दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्हीही निवून गेले.

मंगळवारी, तीसला, भिवाने कळशी ठेवली. “बाई, वीस?”

मी कॅटलॉग जवळ ओढला, उघडला नाही. तो उभाच राहिला. मग म्हणाला, “माझी नात पण तशीच आहे, बाई. शेवंतीच्या मनवासारखी. तिला आम्ही दाखवलं नाही वेळेवर.” एवढं बोलून खाली गेला. वीस वर्षं माझ्याबरोबर आहे, घरचं कधी बोलला नव्हता.

मी हजेरी घेतली. मुलांकडे तोंड करून, एकेक नाव. चौदा नंबरला थांबले आणि मनवाचं नाव मोठ्याने घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, ती गावाला गेलीय.” पोरं मला समजावत होती. कॅटलॉगात त्या सगळ्या खोट्या दिवसांपुढे मी लाल शाईने लिहिलं: या दिवशी विद्यार्थिनी हजर नव्हती, हजेरी मी लावली आहे. खाली सही केली, तारीख घातली.

पोर्टल दुपारपर्यंत उघडलंच नाही. शेवटच्या दिवशी सगळ्या देशाच्या शाळा त्यावर तुटून पडलेल्या असतात. गोल गोल फिरणाऱ्या त्या चिन्हाकडे बघत मला एकदा वाटलं, आता नाहीच उघडलं तर माझी सुटका. लगेच स्वतःचीच लाज वाटली. दोन चाळीसला पान आलं. विद्यार्थी दिव्यांग आहे का? दोन वर्षांचं माझं ‘नाही’ काढलं आणि ‘हो’ केलं. मग शेवटच्या हजेरीची खरी तारीख घातली, बावीस ऑगस्ट. मग नाव सोडलं.

वर कोपऱ्यात विसाचे एकोणीस झाले.

सम्यकला लिहिलं, “सोडलं.” अकरा मिनिटांनी उत्तर आलं, “घेतलं. यादीत नाव घातलं.” मी खाली जाऊन भिवाला एकोणीस म्हटलं. त्याने मान डोलावली आणि घंटा द्यायला गेला.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. प्रधानांनी कॅटलॉग बघितला, लाल शाई बघितली आणि म्हणाले, “हे लिहायची काय गरज होती, मॅडम?” नोटीस आली, तिचं उत्तर मी दिलं, चौकशी अजून चालू आहे. नाताळानंतर वर्ग पुलापलीकडे हलले, त्यांच्याबरोबर मीही. एकोणिसांतली सतरा आली. सहावीतल्या त्या दोघी आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी तीनदा जाऊन आलेय, चौथ्यांदाही जाणार आहे. त्या दोघी घरी बसल्यात, हे कुणाच्या खात्यावर टाकायचं ते मला ठरवता येत नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी सम्यकच्या नंबरावरून फोन आला. साधा फोन, व्हिडिओ नाही.

“बाई, मी मनवा.”

मी घाबरून ओरडलेच, “मनू! कशी आहेस गं? ऐकू येतंय का?”

“बाई, ओरडू नका,” ती म्हणाली. “कानात दुखतं. यंत्र मिळालं कालच. सर म्हणाले, पहिला फोन कुणाला करायचा तो कर.”

तिने मला सांगितलं की कोंबड्या फार बोलतात. आपल्या चपलेचा आवाज येतो हे तिला माहीतच नव्हतं. खोलीची मोजणी झाल्यावर आजी गावी आलीय आणि ती घोरते. मी ऐकत होते. नव्या शाळेच्या जिन्यात उभी होते, वर माझे सतरा जण गोंगाट करत होते, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, “मनू, परत येशील का गं माझ्या वर्गात?”

तिला माझं तोंड दिसत नव्हतं. मी हळू बोलले होते, जवळजवळ स्वतःशीच.

“नाही, बाई,” मनवा म्हणाली.

मी जिन्यावर बसले. डोळे पुसले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच हळू.

“नाही म्हटलं ना, बाई.”